मेघ आणि पखाल

ढग म्हणजे वाफेने भरलेली पखाल असून वारा नेईल तिकडे ती जाते आणि भार असह्य झाला की फुटते, अशी जी कल्पना जनमानसात पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहे, तिचे एकही अंग वस्तुस्थितीच्या कसोटीस उतरत नाही. पाण्याची वाफ मुळी डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसतात ते ती वाफ उंचावर निवून धुळीच्या व मिठाच्या कणांभोवती साकळल्यावर बनलेले जलकण, आणि त्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असल्यामुळे वर चढणारी मंद हवाही त्यांस सहज तोलून धरते. पावसाचा एक थेंब सिद्ध होण्यास असे सुमारे दहा लक्ष कण एकवटावे लागतात. म्हणूनच आभाळ दिवसभर भरून येऊनही अंगण कोरडे राहते.

ढग ही वस्तू नसून चालू असलेली क्रिया आहे, हे ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने पावसाळ्यात उघडीप पाहून पाचगणीच्या पठारावरून पश्चिमेकडे नजर लावावी. कोकणातून आलेले आर्द्र वारे सह्याद्रीचा कडा चढताना निवतात व तेथे ढग जन्मतो. माथा ओलांडून तेच वारे पूर्वेस उतरू लागले की तापतात आणि ढगाची अलीकडची कड डोळ्यांदेखत विरत जाते. वारा आरपार वाहतो, ढग मात्र जागच्या जागी. महाबळेश्वरी वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडावा आणि तीसेक किलोमीटरांवरील वाईस 1,000 मिलिमीटरही लाभू नये, याचा बराचसा खुलासा येथेच मिळतो.

ढगफुटीत ढग फुटत नाही. हवामान खात्याच्या दफ्तरी तासाभरात 100 मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झाल्यास ढगफुटी मानतात, म्हणजे ही केवळ वेगाची नोंद होय. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्यास जेमतेम 73. आता, डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ एका वेळी पिळून काढली तरी शंभर मिलिमीटर पाणी भरत नाही. तेव्हा समुद्रावरून वाफेचा पुरवठा अखंड चालू राहून त्याच टापूवर नवनवे ढग रचले गेले, हे उघड आहे.

काळा ढग हमखास बरसतो हेही खरे नव्हे. जाडीमुळे प्रकाश अडला की तळ काळा दिसतो; तोच ढग उन्हाच्या बाजूने पांढराशुभ्र असतो.

म्हणून वैशाखातल्या दुपारी रंग न पाहता माथा पाहावा. तो सायंकाळपर्यंत बुटकाच राहिला, तर ऊन उतरताच ढग बहुधा विरेल. परंतु माथा झपाट्याने चढत जाऊन बारा-चौदा किलोमीटरांवर सपाट पसरू लागला व त्याच्या कडा तंतुमय झाल्या, म्हणजे वरचे जलकण गोठून हिमकण झाले असे समजावे. आणि अशा वेळी, पहिली सर येण्याची वाट न पाहता, शेत व झाडाचा आसरा सोडून पक्के घर गाठावे, कारण वीज पावसाच्या आधीही पडते.