पेढी मालकावर उभी की हिशेबावर?

पेढी किती मजबूत आहे असे विचारले की व्यापारी उलाढालीचा आकडा सांगतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच सांगत होतो. 2020 च्या लॉकडाऊनने आमचे डोळे उघडले.

त्या मार्चमध्ये भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग थांबले, कारागीर गावी निघून गेले. पुढे आमचे भाईजान आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. ग्रे कापड कोणत्या पार्टीला किती मुदतीवर दिले, दलालाशी काय ठरले, हे सारे त्यांच्या डोक्यात. बिलबुकात रकमा होत्या, पण परत आलेला माल व तोंडी दिलेली सूट कुठेच लिहिलेली नव्हती. अल्लाहच्या फजलने भाईजान बरे झाले. परंतु तोवर जुनी येणी वादात पडली. काही आजतागायत आली नाहीत. माल चांगला होता, गिऱ्हाईक होते. उणीव पेढीच्या व्यवस्थेत होती.

मोठ्या कंपन्या ही उणीव रीतसर तपासतात. त्यासाठी आयएसओ 22301 हे आंतरराष्ट्रीय मानक 2012 साली आले व 2019 साली सुधारले गेले. त्याचा गाभा साधा आहे. कोणते काम थांबल्यास धंदा बुडेल ते ओळखा, ते किती दिवसांत पुन्हा सुरू व्हावे ते ठरवा, आणि तशी तालीम करा. लहान पेढीने निदान हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत :

1) मालक पंधरा दिवस नसला तर खरेदी व वसुली कोण करील?
2) एकाच पार्टीकडे किती रक्कम अडकली आहे?
3) विक्री बंद पडल्यास पगार व भाडे किती महिने देता येईल?
4) उधारीची मुदत लेखी आहे काय?

चौथ्या प्रश्नाला कायद्याचाही आधार आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान यंत्रमागधारकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. आपल्यासाठी तर हा हुकूम फार जुना आहे. कुरआन शरीफची सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, मुदतीचे देणे साक्षीदार ठेवून लिहून घेण्याविषयीच आहे.

आता आमचा पुतण्या दर जुम्याला येणी-देणी जुळवतो. एकूण येण्याच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक उधारी एका पार्टीकडे ठेवत नाही. त्यापायी एक मोठे गिऱ्हाईक सुटले, ते आम्ही सोसले. दरवर्षी रमजानपूर्वी भाईजान व आम्ही आठवडाभर दुकानाची पायरी चढत नाही. मुले अडून फोन करतात तो प्रत्येक प्रश्न लिहून ठेवतो आणि मग त्याची व्यवस्था लावतो. पहिल्या वर्षी दिवसाला दहा-बारा फोन येत. गेल्या वर्षी आठवड्यात तीन आले.

वाचक बंधूंनी एक आठवडा असे करून पाहावे. किती फोन येतात, त्यावरून पेढीची खरी अवस्था कळेल.