कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं

विकीट्री या सामायिक ऑनलाइन वंशवृक्षावर प्रत्येक सभासदाच्या नावाखाली 'कॉन्ट्रिब्यूशन्स' असं एक पान असतं. आपण आजवर जे जे लिहिलं, बदललं, जोडलं ते तारखेसकट तिथे उतरलेलं असतं, नवं वर आणि जुनं खाली. मी हे पान खालून वर वाचत जाते. सर्वांत जुन्या नोंदी तळाशी असतात, आणि त्यांच्यावर मधल्या काळात कोणाचा हात फिरलाय हे बघण्याची गरजही त्यांनाच जास्त असते.

ही गरज या वंशवृक्षाच्या रचनेतूनच येते. ख्रिस व्हिटन यांनी २००८ साली विकीट्री सुरू केलं, ते एका माणसाचं एकच पान या तत्त्वावर. माझे खापरपणजोबा आणखी ज्यांचे ज्यांचे खापरपणजोबा आहेत, त्या सगळ्यांनी त्याच एका पानावर लिहायचं. छापील कुलवृत्तांताला संपादक असतो, मंडळ असतं, आणि एकदा छापलेला मजकूर पुढची आवृत्ती किंवा पुरवणी निघेपर्यंत हलत नाही. इथे तो एका रात्रीत हलतो. बदलणारा बहुतेक वेळा आपलाच कोणीतरी भाऊबंद असतो, दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या खंडात बसलेला, आणि त्याच्याकडे आपल्याला न मिळालेला कागद असू शकतो. म्हणून आधी बघायचं, मग बोलायचं.

काम मोठ्या चिकाटीचं आहे. यादीतली एक ओळ घ्यायची आणि त्या माणसाचं पान उघडायचं. तिथे 'चेंजेस' म्हणून बदलांचा इतिहास असतो; त्यात जुना मजकूर आणि नवा मजकूर समोरासमोर दिसतो, बदलणाऱ्याचं नाव दिसतं, आणि त्याने जतन करताना कारण लिहिलं असेल तर तेही दिसतं. आपण ज्या पानांवर लक्ष ठेवलेलं असतं तिथले बदल ईमेलने कळतात. पण एखाद्या चुलत घराण्याच्या पानावर जाता जाता एक साल घालून पुढे गेलेलो असतो, ते पान त्या यादीत नसतं. तिथे पोचायला आपल्या कॉन्ट्रिब्यूशन्सच्या पानासारखा दुसरा रस्ता नाही.

जिथे सर्वांत जास्त उलथापालथ होते ती जागा म्हणजे तारीख. आमच्या घराण्याच्या हस्तलिखित वंशावळीत एका पूर्वजांचा मृत्यू शके १७९९, माघ महिन्यात असा दिलेला आहे. मी ते १८७८ असं नोंदवलं होतं. काही वर्षांनी माग काढताना तिथे १८७७ दिसलं. बदलणाऱ्याने शकात ७८ मिळवले होते, आणि वर्षाच्या बहुतेक भागाला तेच बरोबर असतं. पण शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. मधल्या पौष-माघ-फाल्गुनाच्या सुमाराला ७९ मिळवावे लागतात. शके १७९९चा माघ हा १८७८चा फेब्रुवारी. नोंद करताना मूळ तिथी आणि हा हिशेब मी कारणाच्या चौकटीत लिहून ठेवला होता, त्यामुळे वाद झालाच नाही. तीच ओळ त्या गृहस्थांना दाखवली आणि त्यांनी स्वतःच साल पूर्ववत केलं. मोडी कागदांत तर शुहूर सन येतो, तोही अरबी संख्याशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०चा मृग ते १७६१चा मृग, म्हणजे पानिपतचं वर्ष. असा कागद वापरून कोणी नुसतं '१७६१' एवढंच लिहिलं, तर पुढच्या माणसाला ते कुठून आलं हे शोधायला काही धागाच उरत नाही. मूळ शब्द जसेच्या तसे पानावर राहिले पाहिजेत, मग आकडा कोणीही तपासू शकतो.

मला या कामात मनापासून गुंतवून ठेवणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. विकीट्रीवर माणसाचा क्रमांक त्याच्या जन्माच्या आडनावावरून पडतो, आणि बाईचाही तसाच, माहेरच्या आडनावावरून. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलायचं. रमाबाई रानडे देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना, आणि डॉ. आनंदीबाई जोशी कल्याणच्या जोश्यांची यमुना. या दोघींची माहेरं इतिहासाला माहीत आहेत. माझ्या घराण्यातल्या बायकांची कुलवृत्तांतात सासरच्या नावापलीकडे काही ओळख नाही. कित्येकींचं तर 'पत्नी' एवढंच. माहेरचं आडनाव माहीत नसेल तर विकीट्रीवर 'अननोन' आणि पुढे आकडा असा क्रमांक मिळतो. माझ्या यादीच्या तळाशी अशा अननोन बायकांची रांग आहे.

त्यांतल्या एखादीचं माहेर सापडलं की आडनाव बदलतं, त्याबरोबर क्रमांकही नवा मिळतो, आणि जुना क्रमांक उघडला तर नव्या पानावर नेऊन सोडतो. म्हणून कित्येक वर्षांपूर्वीच्या अननोन क्रमांकावर टिचकी मारल्यावर समोर एक पूर्ण नाव, तिचे वडील, तिचे भाऊ उभे राहिलेले दिसतात, तेव्हा होणारा आनंद मी लपवत नाही. माझ्या एका खापरपणजीचं असं झालं. तिच्या माहेरच्या कोणीतरी, मला पूर्णपणे अनोळखी असलेल्या माणसाने, त्यांच्या वंशावळीतली 'मुलगी अमुक गावी दिली' ही नोंद माझ्या नोंदीतल्या गावाशी जुळवली होती. मी गावाचं नाव लिहिलं नसतं तर दोन्ही टोकं कधीच भेटली नसती.

दत्तकाचा प्रश्न असा सहज सुटत नाही. सयाजीराव गायकवाड १८६३ साली कवळाण्यात जन्मले आणि १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. साध्या घरांतही वतन राखायला, नाव चालवायला दत्तक होतच. वंशवृक्षात वडिलांची जागा मात्र एकच. काही जण तिथे जन्मदाते घालतात, काही जण दत्तक वडील, आणि पान मागेपुढे होत राहतं. माझं मत असं की वरच्या चौकटीत जन्मदाते ठेवावेत आणि दत्तविधानाची हकिकत खालच्या चरित्रात पुराव्यासह सविस्तर लिहावी. बदलांच्या इतिहासात हे एकदा स्पष्ट मांडलं की पुढचा माणूस सहसा थांबून वाचतो.

कारण लिहिताना एक पथ्य पाळावं लागतं. जुन्या माणसांची पानं सगळ्यांना खुली असतात, आणि त्यांच्या बदलांची कारणंही. दीडशे वर्षांपूर्वी जन्मलेल्यांची पानं तर खुलीच ठेवावी लागतात. माहिती सांगणारी आत्या अजून हयात असेल तर तिचं नाव तिथे नको. 'घरातील ज्येष्ठ व्यक्तीने फोनवर सांगितले' आणि साल, एवढं पुरे. पण ते लिहायला हवंच. कारण ऐकीव माहिती आणि दप्तरातली नोंद यांचं वजन एक नाही, आणि यादीत दोन्ही सारख्याच दिसतात.

विकीट्री महिन्याला शंभर किंवा हजार बदल करणाऱ्यांना बिल्लेही देतं. त्या मोजणीत आडनावाचं स्पेलिंग सुधारणं हा एक बदल, आणि चार दिवस मोडी लावून एका बाईचं गाव शोधणं हाही एकच बदल. माग ठेवण्याचं साधन म्हणून मला ही मोजणी निरुपयोगी वाटते.

अलीकडे जुन्या नोंदींकडे परत जाण्याचं एक नवं कारण मिळालं आहे. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अनेक जिल्ह्यांनी जुन्या दप्तराची स्कॅन केलेली पानं आपापल्या संकेतस्थळांवर चढवली. त्यांत गाव नमुना १४ आहे, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात: जन्म आणि मृत्यूच्या नोंदी, बऱ्याचशा मोडीत. ज्या घराण्यांचा कधी कुलवृत्तांत निघाला नाही, आणि बहुसंख्य घराण्यांचा तो निघालेलाच नाही, त्यांनाही आता पणजोबांच्या वडिलांचं नाव घरबसल्या सापडू शकतं. माझ्या मैत्रिणीने 'आजीने सांगितले' एवढ्या आधारावर लिहिलेल्या नोंदी काढून त्यांच्याखाली नोंदवहीचं गाव, साल आणि पान घालायला सुरुवात केली आहे. आजीचं वाक्य तिने पुसलेलं नाही. दोन्ही आधार एकाखाली एक ठेवले आहेत.

माझ्या यादीतल्या उरलेल्या अननोनांसाठी मी नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर भिस्त ठेवून आहे. अस्थी घेऊन गेलेली माणसं तिथे स्वतःचं गाव, बापभाऊ, मुलं यांची नावं लिहून येत, आणि कधीकधी आईचंही. आमच्या गावाची वही कोणत्या गुरुजींच्या घरी आहे ते कळलं आहे. जाताना क्रमांकांची यादी छापून नेणार आहे, प्रत्येकीसमोर तिच्या नवऱ्याचं नाव आणि गाव लिहून.