विक्रीकलेचे मर्म : आधी ऐका, मग बोला

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे म्हटले जाते. त्यामुळे उत्तम विक्रेता म्हणजे वाक्पटू माणूस, हा समज रूढ झाला आहे. नील रॅकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने या समजाला छेद दिला. त्यांनी १२ वर्षांत सुमारे ३५ हजार विक्रीभेटींचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९८८ साली 'स्पिन सेलिंग' या पुस्तकातून प्रसिद्ध झाले. यशस्वी भेटींमध्ये विक्रेत्यापेक्षा ग्राहकच अधिक बोलतो, असे त्यांना आढळले. मोठ्या व्यवहारांत तर सौदा पक्का करण्यासाठी आणलेला दबाव विक्रेत्याच्याच अंगाशी येतो.

रॅकहॅम यांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले : परिस्थिती, अडचण, परिणाम आणि लाभ. समजा, एका दूध संकलन केंद्राला शीतकरण यंत्र विकायचे आहे. रोज किती दूध येते, हा परिस्थितीचा प्रश्न. उन्हाळ्यात दूध नासते का, हा अडचणीचा. त्यामुळे शेतकऱ्यांचे पैसे कापावे लागतात का, ते दुसऱ्या केंद्राकडे वळतात का, हे परिणामांचे प्रश्न. दूध वेळीच थंड झाले तर काय साधेल, हा लाभाचा.

यांपैकी पहिल्या प्रकारच्या प्रश्नांचा भडिमार झाला, की ग्राहक कंटाळतो. कारण ती माहिती विक्रेत्याच्या सोयीची असते. कुशल विक्रेते परिणामांचे प्रश्न अधिक विचारतात. मात्र हे प्रश्न पाठ करून जमत नाहीत. अडचणीचे उत्तर लक्षपूर्वक ऐकल्याखेरीज परिणामाचा प्रश्न सुचतच नाही. जिज्ञासा आणि श्रवण यांचे नाते असे परस्परावलंबी आहे.

या जिज्ञासेची खरी कसोटी पुढे लागते. दूध नासण्याचे कारण उष्णता नसून रोज उशिरा येणारी गाडी आहे, असे बोलता बोलता उघड होऊ शकते. अशा वेळी यंत्र गळ्यात मारले, तर केंद्राच्या डोक्यावर कर्ज चढते आणि दूध नासायचे ते नासतेच. प्रामाणिक विक्रेता तेथे थांबतो. त्या दिवशी त्याची विक्री हुकते. पण पुढच्या गरजेच्या वेळी केंद्रचालकाला प्रथम त्याचीच आठवण होते. बोलघेवड्याची माती विकली जात असेलही, परंतु त्याच ग्राहकाला ती दुसऱ्यांदा विकता येत नाही.