पाणी पायथ्याशी, बाजार माथ्यावर

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डॉर्सेट परगण्यात, शाफ्ट्सबरी नावाचं बाजारगाव आहे. सुमारे २१५ मीटर उंचीच्या टेकडीवर वसलेलं. खाली ब्लॅकमोर व्हेल या खोऱ्यातली हिरवी कुरणं आणि दुभती जनावरं. वर या गावाला मठ मिळाला, बाजार मिळाला, राजाश्रय मिळाला. मिळालं नाही ते पाणी! शेकडो वर्षं ते घोड्या-गाढवांच्या पाठीवरून टेकडी चढून यायचं आणि विकलं जायचं. टॉमस हार्डीने आपल्या कादंबरीत या गावाला 'शास्टन' हे नाव दिलं आणि इथे पाण्यापेक्षा बिअर सहज मिळे, अशी मिश्कील नोंदही करून ठेवली.

इंग्लंडात पावसाला काय तोटा? मग ही टंचाई कशी? उत्तर पायाखालच्या खडकात आहे. टेकडीचा माथा ग्रीनसँड या हिरवट वालुकाश्माचा. पडलेला पाऊस त्यातून चाळणीतून गळावा तसा खाली उतरतो. त्याखाली गॉल्ट नावाची घट्ट चिकणमाती. तिथे पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उताराला झरा होऊन बाहेर पडतं. म्हणजे गावावर पडलेला पाऊस एन्मोर ग्रीन या पायथ्याच्या वस्तीत उगवतो. त्यात ते झरे गिलिंगहॅमच्या जहागिरीत! आपल्याच डोक्यावर पडलेल्या पावसासाठी खालच्या मालकाचे पाय धरायचे.

ते धरण्याची रीत मोठी नामी होती. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास नगराध्यक्ष आणि प्रतिष्ठित मंडळी वाजतगाजत, नाचत टेकडी उतरायची. झऱ्यांपाशी जहागीरदाराच्या कारभाऱ्याला हातमोज्यांचा जोड, वासराचं मुंडकं, गॅलनभर बिअर आणि पावाच्या दोन लाद्या द्यायच्या. सोबत 'बायझंट' नावाचं रिबिनी-दागिन्यांनी मढवलेलं मानचिन्हही अर्पण व्हायचं, पण ते लगेच परत मिळे. तो नुसता मान. हा थाट खर्चिक होत गेला आणि १८३० साली बंद पडला. पाणीपट्टी इतक्या झोकात भरणारं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही.

एवढी यातायात करून वर राहायचंच कशाला? कारण खालून चाल करून येणाऱ्यांना ती चढण अवघड जाई. व्हायकिंगांशी झुंजणाऱ्या राजा आल्फ्रेडने ८८० च्या सुमारास इथे तटबंदीचं गाव वसवलं, मग जोगिणींचा मठ उभारला आणि आपल्या मुलीलाच तिथली पहिली मठाधिपती केलं. ९७९ मध्ये खून झालेल्या राजा एडवर्डच्या अस्थी इथे आणल्या गेल्या. त्याला संत मानलं गेलं आणि यात्रेकरूंची रीघ लागली. यात्रा आली की बाजार येतो, हे आपल्याला काही कुणी सांगायला नको. १०३५ साली राजा कॅन्यूटने प्राण सोडले तेही याच गावात. मठ इतका गब्बर झाला की इथली मठाधिपती आणि ग्लॅस्टनबरीचा मठाधिपती यांचं लग्न झालं तर त्यांच्या वारसाकडे राजापेक्षा जास्त जमीन असेल, अशी थट्टा लोक करत. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ मोडला आणि त्याचे दगड गावातल्या घरांच्या भिंतींत गेले.

मठाच्या आवाराची एक जुनी भिंत मात्र 'गोल्ड हिल' या दगडी फरसबंदीच्या तीव्र उतारावर, जाडजूड टेकू देऊन, उभी आहे. समोर गवती छपरांची घरं पायरीपायरीने खाली उतरतात. १९७३ साली रिडली स्कॉटने पावाच्या एका जाहिरातीत इथे सायकल ढकलत चढणारा पोरगा दाखवला आणि ही गल्ली देशभर ओळखीची झाली.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, पण टेकडी चढली नाही. १८५९ मध्ये स्टेशन झालं ते गिलिंगहॅमला. त्यामुळे शाफ्ट्सबरी लहानच राहिलं, हे माझ्या मते त्याचं भाग्य. आजही लंडनहून रेल्वेने येणाऱ्याला गिलिंगहॅमलाच उतरावं लागतं. तुम्ही गेलात तर गोल्ड हिलच्या माथ्यावरचं छोटं संग्रहालय चुकवू नका. बायझंट तिथे ठेवलेलं आहे.