शब्द पाठ केले, तरी इंग्रजी का अडतं?

जिंतूर तालुक्यातलं येलदरी घ्या, नाहीतर दुसरं कुठलंही गाव. मुलं इंग्रजी शब्दांच्या याद्या जिवापाड मेहनतीने पाठ करतात आणि चार वाक्यं लिहायची वेळ आली की अडतात. दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. शब्द अंगवळणी कसे पडतात, याबद्दलच्या आपल्या कल्पनाच चुकीच्या आहेत.

गैरसमज : खेड्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शब्द ठाऊकच नसतात.
वस्तुस्थिती : राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. शिवाय येलदरीत पूर्णा नदीवरचं धरण आणि जलविद्युत केंद्र पाहत वाढलेल्या पोरांच्या तोंडी डॅम, गेट, कॅनॉल, टर्बाइन, मोटर, फ्यूज असतातच. पावसाळ्यात ‘इतक्या क्युसेकने विसर्ग’ ही बातमी सगळं गाव ऐकतं. क्युसेक म्हणजे क्युबिक फूट पर सेकंद, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी. एवढं फोड करून सांगितलं, की ऐकून माहीत असलेला शब्द मुलांचा स्वतःचा होतो.

गैरसमज : रोज वीस शब्द घोकले की शब्दसंपत्ती वाढते.
वस्तुस्थिती : एकदा पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच पुसलं जातं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवून दिलं. म्हणून नवे शब्द पाच-सहाच घ्या. पण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून आठवायला लावा. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याच्या धडपडीने शब्द टिकतो.

गैरसमज : अवघड शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी.
वस्तुस्थिती : बंगालमध्ये इंग्रजी शिकवण्याचा अनुभव घेतलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये नेहमीच्या सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले पाचांपैकी साधारण चार शब्द याच यादीतले असतात. आधी हे पक्के करा.

गैरसमज : अर्थ कळला म्हणजे शब्द आला.
वस्तुस्थिती : गाव सोडणं म्हणजे ‘लीव्ह’, सवय सोडणं ‘गिव्ह अप’ आणि धरणातून पाणी सोडणं ‘रिलीज’. ‘दे लेफ्ट द वॉटर’ असं लिहिलं, तर ते पाणी तिथंच ठेवून निघून गेले असा अर्थ होतो. म्हणून वहीत सुटा शब्द नको, त्याचं पूर्ण वाक्य हवं.

गैरसमज : मराठीत अर्थ सांगितला तर इंग्रजी कच्चं राहतं.
वस्तुस्थिती : ज्याला बाष्पीभवन नीट समजलंय, त्याला ‘इव्हॅपोरेशन’ हे फक्त नाव शिकायचं असतं. अर्थ मराठीत चटकन सांगा आणि वाचलेला वेळ मुलांना बोलतं-लिहितं करण्यात घाला. आठवड्यातून एकदा धरण, शेत किंवा बाजार यांवर पाच इंग्रजी वाक्यं लिहायला सांगा. चुका होतील, त्या सुधारून द्या. पण लिहिणं थांबवू नका.