संगणकीय माहितीकोशाची साठवण-गरज : पूर्वअंदाजाची रीत

कोणत्याही खात्यात नवा संगणकीय माहितीकोश उभारावयाचा झाल्यास त्यास पुढील काही वर्षांत किती जागा लागेल, हा प्रश्न यंत्रसामग्रीच्या खरेदीपूर्वीच सोडविणे इष्ट असते. अंदाज अपुरा ठरल्यास नोंदींचे काम खोळंबते; अवास्तव ठरल्यास सार्वजनिक पैसा विनाकारण अडकून पडतो.

गणिताचा आरंभ एका नोंदीपासून करावा. साठवणीचे माप बाइट होय. सध्या रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत रोमन अक्षरास १ बाइट, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा वा हलन्त चिन्हास ३ बाइट लागतात. ‘नारायण’ या शब्दात ६ चिन्हे असल्याने तो १८ बाइट व्यापतो. रोमन लिपीत त्याच नावास ७ बाइट पुरतात. नावाच्या रकान्यास ६० बाइटांची मर्यादा घातल्यास देवनागरीत केवळ २० चिन्हे मावतात. गोव्यातील नमुना १ व १४ सारख्या भूमी-अभिलेखात कब्जेदाराचे नाव असे अर्धवट राहिल्यास त्याच्या हक्काच्या पुराव्यातच उणीव निर्माण होईल.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आरंभी ५ लाख नोंदी असून प्रत्येकीत देवनागरीची ६०० चिन्हे, म्हणजे १,८०० बाइट आहेत. वार्षिक वाढ ८ टक्के धरल्यास ५ वर्षांनंतर नोंदी सुमारे ७.३५ लाख होतील व मजकूर १३२ कोटी बाइट व्यापील. शोधसूची व बदलांची नोंदवही यांसाठी त्याच्या निम्मी जागा मिळविली, तरी एकूण सुमारे २ गिगाबाइटच होतात.

तथापि प्रत्येक नोंदीसोबत कागदपत्रांच्या ४ पानांची प्रतिमा जोडली व पान ३०० किलोबाइटचे धरले, तर केवळ प्रतिमांनाच ८८२ गिगाबाइट लागतील. यावरून खरा भार मजकुराचा नसून प्रतिमांचा आहे, हे ध्यानी येईल. सबब निरनिराळ्या गावांच्या जुन्या फायलींपैकी शंभरएक फायली निवडून पानांची सरासरी संख्या व आकार प्रत्यक्ष मोजावा.

साठा ८० टक्क्यांहून अधिक भरू नये, असे धोरण ठेवल्यास या ८८४ गिगाबाइटसाठी १,१०५ गिगाबाइट क्षमता हवी. दोन सुरक्षित प्रती, त्यांपैकी एक अन्य इमारतीत, ठेवावयाच्या तर एकूण मागणी ३,३१५ गिगाबाइट होते.

अंदाज एकदाच करून फाइलबंद करू नये. दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष वाढीशी तो ताडून पाहावा व फरक आढळल्यास पुढील अंदाजपत्रकापूर्वीच सुधारित मागणी सादर करावी.