पदवी घेऊन निघालेल्या मुलांसाठी : बायबलमधली काही माणसं

निकालाचे दिवस आले की आपल्या घरांत दोन गोष्टी एकदमच होतात. एकीकडे पेढे येतात आणि दुसरीकडे माळ्यावरची बॅग खाली उतरते. जिवाजी विद्यापीठातून, एमआयटीएसमधून, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेली मुलं पुण्याला, बंगळुरूला, दिल्लीला निघतात, कुणी त्याही पलीकडे. सत्काराच्या दिवशी आम्ही त्यांना शाल-श्रीफळ देतो, चार शब्द बोलतो. त्या चार शब्दांत ज्ञानेश्वर माउली, शिवाजी महाराज आणि स्वामी विवेकानंद ठरलेले असतात. दाखले चांगलेच आहेत, पण मुलांनी ते पहिलीपासून ऐकलेले असतात. आमचं वाक्य सुरू झालं की ते कुठे संपणार हे त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिसतं.

म्हणून या वेळी जरा वेगळीकडे जायचं ठरवलं. बायबलच्या जुन्या करारात घर सोडून परक्या गावी गेलेल्या माणसांच्या कितीतरी कथा आहेत. त्या वाचताना आम्हाला सारखी आपलीच मुलं दिसत होती.

‘आपल्या समाजात बायबल कशाला?’ असं कुणी विचारील, तर त्याने एकदा बाड्यावर जाऊन गोरखीत डोकवावं. जयविलास राजवाडा १८७४ साली उभा राहिला. त्याआधी शिंदे घराण्याचं बिऱ्हाड गोरखीतच होतं. तिथल्या देवघरात कुलदेवतांबरोबर बीडच्या मन्सूरशाह अवलियांचंही स्थान आहे. दसऱ्याला शिंदे घराण्याचे प्रमुख तिथे पूजेला येतात आणि अवलियांचा उरूसही भरतो. महादजी शिंद्यांनी त्यांना गुरू मानलं होतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर महादजींच्या पायाला असा घाव बसला की ते जन्माचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना वाचवलं. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि मोठ्या पदाला चढवलं. अकरा वर्षांनी, १७७२ साली, याच लंगड्या सरदाराने शाह आलमला दिल्लीच्या गादीवर नेऊन बसवलं. ज्या देवघरात मराठ्यांचे देव आणि एक सूफी अवलिया एका छताखाली नांदतात, त्याच्या सावलीत वाढलेल्या आपल्याला दुसऱ्याच्या धर्मग्रंथातलं चांगलं ऐकायला संकोच वाटायचं कारण नाही.

शिवाय या कथा मराठीला परक्याही नाहीत. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने गोव्यात राहून मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या करारातलीच माणसं आहेत. म्हणजे या मंडळींनी मराठी बोलायला सुरुवात करून चारशे वर्षं उलटली. लष्कर शहर तर १८१० नंतरचं, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं.

आता मुख्य गोष्ट, श्रद्धेची. मराठी बायबलात ‘विश्वास’ हा शब्द येतो, पण मूळ हिब्रू शब्द आहे ‘एमूना’. त्याचा अर्थ मनात काहीतरी मानणं एवढाच नाही. स्थिर राहणं, टेकू देणं, न डळमळणं असा तो अर्थ आहे. ‘आमेन’ हा शब्द त्याच धातूतून आला. एका लढाईच्या वेळी मोशे टेकडीवर हात उंचावून उभा असतो. हात वर असले की त्याचे लोक जिंकतात, खाली आले की हरतात. शेवटी तो थकतो, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले असं सांगताना मूळ ग्रंथात हाच शब्द वापरला आहे. तेव्हा श्रद्धा म्हणजे कधी कधी दुसऱ्याने धरून ठेवलेले हात. पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

आमच्या मते आपल्या मुलांच्या सगळ्यात जवळचा दानीएल आहे. यरुशलेम पडलं आणि बाबेलच्या राजाने तिथली हुशार, देखणी, चांगल्या घरची पोरं निवडून आपल्या राजधानीत नेली. आजच्या भाषेत म्हणायचं तर कॅम्पस सिलेक्शनच, फक्त नकार द्यायची सोय नव्हती. त्यांना तीन वर्षं खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकवली, राजाच्या ताटातलं जेवण लावून दिलं आणि नावंही बदलली. दानीएलचा बेलटशस्सर झाला. गंमत अशी की नावावरून त्याने भांडण केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. भाषा तो शिकला, आणि अशी शिकला की बरोबरीच्यांच्या पुढे गेला. नोकरी केली, बढत्या घेतल्या. अडला फक्त जेवणाशी. तिथेही त्याने ताट भिरकावलं नाही. देखरेख करणाऱ्याला म्हणाला, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी द्या, मग आमची तोंडं बघा आणि ठरवा. मुदत घालून, समोरच्याची अडचण ओळखून त्याने प्रस्ताव मांडला.

आपल्याकडे परगावी जाणाऱ्या मुलाला दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक आत्या सांगते, तिथल्यासारखा हो, नाहीतर मागे पडशील. दुसरे काका सांगतात, काही बदलू नकोस. दानीएलने दोघांचंही ऐकलं नसतं. काय सोडायचं आणि काय नाही याची त्याची यादी फार छोटी होती, आणि ती त्याने निघण्याच्या वेळीच केलेली असावी. म्हातारपणी पुन्हा प्रसंग आला. तीस दिवस राजाखेरीज कुणापुढे मागणं मांडायचं नाही असा हुकूम निघाला. तो घरी गेला, यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी होतीच, आणि रोजच्यासारखी दिवसातून तीनदा प्रार्थना केली. सिंहांच्या गुहेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. आम्हाला ती खिडकी जास्त महत्त्वाची वाटते. आयुष्यभर परमुलखात राहिलेल्या माणसाने घराच्या दिशेची एक खिडकी उघडी ठेवली होती.

मुलींना रूथची गोष्ट सांगायला हवी. ही मवाबी बाई, म्हणजे इस्राएली लोकांच्या दृष्टीने परकी. नवरा गेला, दीर गेला, सासरा आधीच गेलेला. सासू नामी आपल्या गावी, बेथलेहेमला परतायला निघाली, तेव्हा रूथने माहेरी जायचं नाकारलं आणि सासूबरोबर चालू लागली. तिथे पोचल्यावर तिने पहिलं काम कोणतं केलं? शेतात सरवा वेचायला गेली. सरवा हा शब्द आता शहरातल्या मुलांना समजावून द्यावा लागतो. कापणीनंतर शेतात मागे राहिलेली कणसं गरिबांनी वेचायची, तो सरवा. मालकाने कडेचं पीक कापू नये आणि गळालेलं उचलू नये असा तिथे धर्माचाच नियम होता. पहिल्या दिवशी झोडपून तिच्याकडे एफाभर सातू निघाले. पुढे बवाजाशी तिचं लग्न झालं आणि तिचा पणतू म्हणजे दावीद राजा. पण शेतात वाकलेली असताना यातलं काहीच तिला माहीत नव्हतं.

पदवीनंतरची पहिली नोकरी बहुतेकांच्या वाट्याला सरव्यासारखीच येते. इंजिनिअरिंग केलेला मुलगा कॉल सेंटरमध्ये बसतो, एमएससी झालेली मुलगी कोचिंगमध्ये तासावर शिकवते. घरात हे सांगताना आवाज खाली येतो. येऊ नये.

रूथची गोष्ट मराठीत आणणाऱ्यांपैकी एक पंडिता रमाबाई. त्यांचं स्वतःचं आयुष्य या गोष्टीला किती जवळचं! दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, १८८२ साली नवरा गेला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीसह त्या एकट्या राहिल्या. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते जुन्या मंडळींनी वाचलेलं असेल. आज आम्हाला त्यात पडायचं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी निराधार बायका-मुलींना आसरा दिला आणि कामाला लावलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा मागे तो अनुवाद होता, आणि तो छापायला आश्रमातल्याच बायकांनी चालवलेला छापखाना.

योसेफबद्दल थोडक्यात. सतराव्या वर्षी भावांनीच त्याला विकलं, मिसर देशात खोट्या आळावरून तो तुरुंगात गेला, आणि ज्या प्यालेबरदाराला त्याने मदत केली तो सुटल्यावर दोन वर्षं त्याला विसरला. ओळखीच्यांनी ‘बघतो तुझ्यासाठी काहीतरी’ म्हणून फोन न करण्याची रीत फार जुनी आहे म्हणायची. तुरुंगातही योसेफ नेमून दिलेलं काम चोख करत राहिला, इतकं की सगळे कैदी त्याच्या हाताखाली दिले गेले. फारोसमोर उभा राहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

आता ज्याच्याविषयी सत्काराच्या भाषणात कुणी बोलत नाही, तो एलीया. मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर भर सभेत जिंकलेला माणूस. दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीची धमकी आली आणि तो पळाला. नोकराला मागे ठेवलं, एकटा रानात दिवसभर चालला, एका झुडपाखाली बसला आणि मला आता मरण दे म्हणाला. अशा वेळी देवाने काय करावं? तो रागावत नाही, तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत असंही सुनावत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट लांब आहे. उपदेश नाही, आधी दोनदा झोप आणि दोनदा जेवण. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, तेही वाऱ्यातून, भूकंपातून किंवा अग्नीतून नाही, अगदी मंद आवाजात. आणि त्या बोलण्यात एक माहिती होती, की तुला वाटतं तसा तू एकटा उरलेला नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत.

आपल्या समाजातही स्पर्धा परीक्षेचा तिसरा-चौथा प्रयत्न करणारी मुलं आहेत. यादीत नाव नाही हे कळल्यावर ती समारंभांना यायचं बंद करतात. मावशी-काकूंच्या ‘मग, सध्या काय चाललंय?’ला भितात. आम्हीही हा प्रश्न कितीदा सहज विचारला आहे. त्या मुलाशी बोलायचंच असेल तर आधी जेवायला बोलवावं आणि जेवताना परीक्षेचा विषय काढू नये. त्याच्या बोलण्यात एलीयाचं ते वाक्य आलं तर मात्र ते थट्टेवारी नेऊ नये. सोबत थांबावं, डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

शेवटी यिर्मया, हा खरं तर आई-वडिलांसाठी. बाबेलला नेलेल्या लोकांना त्याने यरुशलेमहून पत्र लिहिलं. आज ना उद्या परत जाऊ म्हणून ते बोचक्यांवर बसून होते. त्याने कळवलं की सत्तर वर्षं लागतील. तेव्हा तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. हे वाचून आम्ही काही वेळ थांबलो. आपल्या पूर्वजांनी दुसरं काय केलं? छावणी म्हणून आले आणि जनकगंज, दौलतगंज, माधवगंजात वाडे बांधून राहिले. नागावचे वासुदेवबुवा जोशी इथे येऊन हस्सूखाँकडे गाणं शिकले. पुढे त्यांच्याकडे शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून इथवर आले आणि ग्वाल्हेरची गायकी परत दक्षिणेत घेऊन गेले. गोरखीच्या शाळेत शिकलेला, घरी हिंदी बोलणारा एक मुलगा पुढे देशाचा पंतप्रधान झाला. अटलजींच्या त्या शाळेचा अभिमान आपण मराठी माणसंही बाळगतोच.

पण याच यिर्मयाची दुसरीही गोष्ट आहे. यरुशलेमला वेढा पडला होता, शहर पडणार हे तो स्वतःच सांगत होता आणि त्यासाठी पहाऱ्याच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी चुलतभाऊ हनमेल आला आणि अनाथोथ गावची जमीन घे म्हणाला. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! यिर्मयाने सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि खरेदीखत बारूखाकडून मातीच्या मडक्यात ठेवून घेतलं, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल.

लष्करातले जुने वाडे एकामागून एक विकले जाताहेत. कारणं खरी आहेत. मुलं बाहेर, जिने चढवत नाहीत, छप्पर गळतं. विकू नका असं सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण मडक्यात काय ठेवायचं ते मुलं निघायच्या आत एकदा एकत्र बसून ठरवावं : आजीच्या हस्ताक्षरातली पाकक्रियांची वही, मोडीतले कागद, गोरखीसमोर काढलेला जुना फोटो, आणि घरातल्या घरात मराठी बोलायचं की नाही हेसुद्धा.

सत्काराला येणाऱ्या पदवीधरांनी जाताना मंडळाच्या वहीत आपला नवा पत्ता लिहावा. ज्यांचा पत्ता अजून ठरलेला नाही त्यांनी नुसतं नाव लिहिलं तरी चालेल, आणि त्या दिवशी जेवायला सगळ्यांनी थांबायचं आहे.